शिर्केकाकूंच्या लेथचे फोटो

"काकू, याला रंग कोणी दिला?"

"मीच. दोन हात मारले. का हो भाऊ, छान नाही वाटत का?"

मी कपाळाला हात लावला. शिंदे की छावनीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये समोरचा लेथ हिरव्या ऑइल पेंटने नुसता चमकत होता. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरगर फिरवत त्याला छिलून हवा तो आकार देणारं मशीन. आमच्या ग्वाल्हेरात सगळे त्याला खराद म्हणतात. हा चांगला दोन माणसं झोपतील एवढा लांब होता आणि काकूंच्या सासऱ्यांनी आणलेला होता.

मी जुन्या यंत्रांचे फोटो काढतो. बॉयलर, पंप, छापखान्याची मशीनं, दाताच्या डॉक्टरची खुर्ची, जे असेल ते. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं! पण लग्नातल्या फोटोत माणूस चांगला दिसावा लागतो आणि यंत्राच्या फोटोत ते जसं आहे तसं दिसावं लागतं. झीज, गंज, जोड दिलेली जागा, सगळं. म्हणून जाण्याआधी मी फोनवर बजावतो की मशीनला हात लावू नका. काकूंनाही बजावलं होतं.

"अहो, पण तुम्ही बघायला येणार म्हणून..." काकू ओशाळून म्हणाल्या.

पाहुणे बघायला येणार म्हटलं की आपण मुलीला नटवतो. काकूंनी लेथला नटवलं होतं. रागवायचं तरी कोणावर?

काकूंची गोष्ट थोडक्यात सांगतो. नवरा गेला तेव्हा मुलगा नितीन लहान होता. या बाईने पदर खोचला आणि स्वतः लेथवर उभी राहिली. पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरचे बुश, गल्लीतल्या लोकांच्या मोडक्या वस्तूंचे तुकडे, मिळेल ते काम केलं. त्यावर नितीन शिकला. आता नितीनला शेड पाडून मोबाईलचं दुकान काढायचं होतं. कबाडी दोनदा येऊन गेला. काकूंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "याला भट्टीत जाऊ देणार नाही," एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तेवढ्यात फूलबागेच्या बाजूला एका ट्रस्टने जुन्या उद्योगांचं दालन उघडायचं ठरवलं. डायरेक्टर स्वतः घरी येऊन गेले. मशीन दान द्या, आम्ही शान से ठेवू, म्हणाले. काकूंनी एकच अट घातली. दर वर्षी खंडेनवमीला येऊन पूजा करू द्यायची. सासरे असल्यापासून त्या दिवशी घरातली जुनी तलवार आणि लेथ यांची पूजा एकत्र व्हायची. डायरेक्टर म्हणाले, "माताजी, आपका ही घर है." काकूंनी सही केली. फोटोंचं काम माझ्याकडे आलं ते असं.

तर तो रंग. मी थिनर आणि जुनी बनियन मागवली. काकू एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने, असे पुसत बसलो. रंग ओलसर होता म्हणून निभावलं. कंपनीचं नाव असलेली पितळी पट्टी मोकळी झाली, बेडवरची, म्हणजे खालच्या लांब लोखंडी पाटावरची, झीज दिसू लागली. एका जागी मात्र काकूंनी ब्रश लावलाच नव्हता. हेडस्टॉकवर, म्हणजे लेथचं जे डोकं असतं त्याच्यावर, हळदीकुंकवाचा जाड थर होता. वर्षानुवर्षांचा, दगडासारखा घट्ट.

"तिथे कसा मारणार कलर?" काकू म्हणाल्या.

मग मी कामाला लागलो. अशा कामात फ्लॅश समोरून मारायचा नाही, सगळं सपाट दिसतं. दिवा बाजूने, अगदी लोखंडाला घासून धरायचा. मग प्रत्येक ओरखडा वर येतो. शेजारी मोजपट्टी ठेवायची, म्हणजे फोटोवरूनच आकार कळतो. चारी बाजू, प्रत्येक चाक, प्रत्येक दांडा. हँडलवर काकूंच्या हाताने गुळगुळीत झालेली जागा होती, तीसुद्धा टिपली. खोटं कशाला सांगू, इतकं चांगलं काम माझ्या हातून क्वचित झालंय.

डायरेक्टर खूष झाले. फक्त म्हणाले, "मोघे जी, ये लाल दाग एडिट करवा दीजिए."

"वो दाग नहीं है सर, पूजा है."

"अच्छा? तो रहने दीजिए. एथनिक लगेगा."

क्रेन आली, लेथ गेला. काकू ट्रकमागे गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेल्या. काही दिवसांनी ट्रस्टमधून फोन आला की बाजूने काढलेला, मोजपट्टीवाला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. मी पाठवला. कॅटलॉगला हवा असेल, असं वाटलं.

उद्घाटन नेमकं खंडेनवमीला होतं. मी कॅमेरा घेऊन लवकर पोचलो. आत लेथ नव्हता. भिंतभर माझा फोटो होता, जमिनीपासून छतापर्यंत. त्याला झेंडूचा हार घातलेला होता आणि पुढे सेल्फीसाठी गोल काढलेला होता.

"सर, मशीन?"

"फ्लोर लोड का इश्यू आ गया. इंजीनियर ने मना कर दिया."

"बाहर शेड में रख देते."

"कौन देखता उधर? कबाड़ी को दे दिया. भला आदमी निकला, आपकी फोटो देखकर ही वजन का अंदाज़ा लगा लिया, आने की ज़रूरत नहीं पड़ी." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सच कहूँ? आपने इतना बढ़िया डॉक्यूमेंटेशन किया है कि मशीन की ज़रूरत ही नहीं रही."

आयुष्यात माझ्या कामाची इतकी तारीफ कोणी केली नव्हती. मी त्यांचा हात खांद्यावरून बाजूला केला.

"शिर्केकाकू को बताया?"

"आप बता दीजिए ना. आपकी तो भाषा भी एक है."

सांगायला वेळच मिळाला नाही. काकू दारात उभ्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, हातात ताम्हण, त्यात हळदकुंकू, फुलं, नारळ. त्यांनी दालनभर नजर फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि त्यांना कळलं.

डायरेक्टर हात जोडून पुढे झाले. "आइए माताजी, पूजा इसी की कर लीजिए. बिलकुल असली लगती है."

काकू फोटोजवळ गेल्या. हाराला हात लावून पाहिला. वर हेडस्टॉकवरचं कुंकू छापलेलं होतं, ते बघत राहिल्या. रडल्या नाहीत. मराठीतच म्हणाल्या, "देवाच्या फोटोला कुंकू लावतात, साहेब. नुसता हार घातलेला फोटो गेलेल्या माणसाचा असतो. त्याची पूजा नवमीला नाही, पितृपक्षात करतात. तो तर संपला."

डायरेक्टर माझ्याकडे बघून हसले. "क्या कह रही हैं?"

मी भाषांतर केलं नाही.

काकू परत निघाल्या. दाराशी थांबल्या. "भाऊ, कॅमेरा पुढे करा."

"काकू, नको."

"करा म्हणते ना. आज औजार बिनपूजेचं ठेवू नये. तुमचं तरी चालू आहे."

त्यांनी कॅमेऱ्याला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं, नमस्कार केला. ज्या औजाराने काढलेल्या फोटोवर त्यांचा लेथ तोलून विकला गेला, त्यालाच. मला ते सहन होईना आणि पुसताही येईना.

त्या दिवशी मी उद्घाटनाचा एकही फोटो काढला नाही. डायरेक्टरने पुन्हा कधी बोलावलं नाही. बरंच झालं.

आता कुठूनही फोन आला की मी कॅमेऱ्याचं, लाइटचं बोलतच नाही. आधी विचारतो, फोटो काढल्यावर मशीनचं काय करणार? बहुतेक जण म्हणतात, "फोटो तर राहतीलच ना!" त्यांना मी दौलतगंजातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचा नंबर देतो.