गॅस कोनं बंद केला?

आमच्या मामेसासऱ्यांइतका विस्तवाकडे टक लावून बघणारा माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो पोलिसांच्या ताब्यात असेल. मामाजी म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. सिंदी मेघ्यात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर आहे. मध्ये कमरेएवढी भिंत आणि दोन्हीकडची स्वयंपाकघरं समोरासमोर, त्यामुळे मी दिवसभर शाळेत पोरांना विज्ञान शिकवते आणि घरी आल्यावर मामाजी मला शिकवतात. माणसं दुसऱ्याकडे गेली की आधी बसतात, पाणी पितात, पाऊसपाण्याचं बोलतात. मामाजी चपला काढतात आणि थेट स्वयंपाकघरात शिरतात. शेगडी पेटवायला लावतात, गुडघ्यावर हात टेकून वाकतात, मान तिरपी करतात आणि ज्योत बघतात. निळी, ताठ, कुरकुर न करणारी असेल तर बाहेर येऊन गुमान बसतात. पिवळी निघाली तर खिशातून तार निघते, बर्नर उलटा होतो, आणि ज्यांच्याकडे आपण बारशाला गेलेलो असतो त्यांच्याकडचा चहा बाळाचं नाव ठेवून झाल्यावर मिळतो.

माझं लग्नसुद्धा याच पद्धतीने ठरलं. मला बघायला मंडळी आली तेव्हा बाकीच्यांनी माझं शिक्षण विचारलं, नोकरी कायम आहे का ते विचारलं, एका आत्याबाईंनी तर मला दारापर्यंत चालवून बघितलं. मामाजी तेवढ्यात आत जाऊन माझ्या आईला म्हणाले, "बाई, जरा शेगडी पेटवून दाखवता का?" आईला वाटलं, पाहुण्याला विडी पेटवायची असेल. तिने पेटवली. मामाजींनी ती चारी बाजूंनी निरखली, बाहेर आले आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या कानात म्हणाले, "हो म्हन ताई. या घरात हवा अन् गॅस बरोबर मिसळून राह्यले." आमच्या ह्यांना अजूनही वाटतं की मला त्यांनी पसंत केलं.

हे वेड त्यांच्या अंगात कारखान्याने भरलं. नागपूरच्या बाजूला एका कारखान्यात ट्रकांचे रेडिएटर आणि एसीच्या जाळ्या बनत, तिथे मामाजींनी उभी हयात ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडण्यात घालवली. दोन नळ्यांच्या फटीत तिसरा, आधी वितळणारा धातू ओतून त्या एकजीव करायच्या, याला ब्रेझिंग म्हणतात. तांब्या-पितळेचं ब्रेझिंग माणूस शिकतो, पण ॲल्युमिनियम भल्याभल्यांना रडवतं, कारण जोड वितळायला जेवढी आंच लागते त्याच्या थोडीच पुढे गेली की नळीच वितळते. मामाजी सांगतात, "लोखंड लाल होऊन सांगते, तांबं लाल होऊन सांगते. ॲल्युमिनियम मोठं घुमं असते बेटा. उभं आहे, उभं आहे, अन् एकदम बसते." एकदा मला हे पटवून द्यायला त्यांनी आमचं दुधाचं जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं मागून नेलं. बुडाला बारीक छिद्र होतं, ते बुजवतो म्हणाले. अंगणात बर्नर पेटवला आणि मला जवळ बसवून म्हणाले, आता याच्याकडे पाहा, काही सांगते का. मी पाहत होते, पातेलं चकचकीत पांढरं होतं, आणि बघता बघता त्याचं बूड खाली गळून मातीत पडलं. मी ओरडायच्या आधीच मामाजी समाधानाने म्हणाले की बघ, सांगतलं का त्यानं काही? पातेलं गेलं ते गेलंच, पण तो धडा मी तेव्हापासून दरवर्षी वर्गात सांगते.

जे स्वतः काही सांगत नाही त्याच्या शेजारच्याला विचारायचं, ही मामाजींची युक्ती. जोडावर जी पांढरी भुकटी लावतात ती योग्य वेळ आली की पाण्यासारखी नितळ होते. मामाजींनी भट्टीवर असा एक डोळा बसवला की तो नळीकडे न बघता त्या भुकटीकडे बघायचा, आणि ती नितळ झाली रे झाली की बर्नरची ज्योत आपोआप बारीक करायचा. बर्नर काबूत ठेवायच्या अशा दोन-तीन शोधांच्या पेटंटवर कंपनीच्या नावाखाली त्यांचंही नाव छापलेलं आहे. मी एकदा हौसेने ते कागद वाचायला घेतले, तर त्यात इतक्या वेळा 'सदर ज्योत' आणि 'उपरोक्त नळी' आलं की मला कोर्टातून समन्स आल्यासारखं वाटायला लागलं. मामाजी मात्र ते पोथीसारखं वाचतात आणि मध्येच हसतात. कुठे हसायचं ते मला कळत नाही.

निवृत्तीनंतर हाताशी भट्टी राहिली नाही, तेव्हा हा माणूस दिसेल त्या विस्तवाच्या मागे लागला. अमरावतीहून येताना आम्ही कारंजा घाडग्याच्या एका ढाब्यावर जेवायला थांबलो. डाळ येईपर्यंत मामाजी मागच्या बाजूला गेले आणि भट्टीचा पंखा किती सोडायचा यावर त्यांचं आणि आचाऱ्याचं वाजलं. शेवटी मामाजींनी स्वतःच पंखा फिरवला. ज्योत म्हणे इतकी सुरेख लागली की आचारीही बघत राहिला, आणि दोघं बघत असताना चार ट्रकवाल्यांच्या रोट्या कोळसा झाल्या. ढाबेवाल्याने हात जोडून मामाजींना गाडीत बसायची विनंती केली. त्या आचाऱ्याचा नंबर मात्र त्यांच्या मोबाइलमध्ये अजून आहे, आणि आठवड्यातून एकदा ते त्याच्या भट्टीची तब्येत विचारतात.

हे सगळं गमतीचं चाललं होतं, तोवर मामीजी विसरायला लागल्या. मामीजी म्हणजे आमच्या आळीतला सगळ्यात चांगला हात, आणि आवाजही सगळ्यात खणखणीत. दूध ठेवून त्या फुलं तोडायला जात आणि दूध आटून पातेलं काळं होई. दोनदा असं झालं, तिसऱ्यांदा वाऱ्याने ज्योत विझली आणि गॅस तसाच वाहत राहिला. मला वास आला म्हणून मी भिंतीवरून उडी मारून गेले. मामीजी देवघरात वाती वळत बसल्या होत्या, आणि त्यांना विचारलं तर म्हणाल्या, मी कुठं शेगडी पेटवली? त्यांचा मुलगा पुण्यात असतो. त्याचं काळजीपोटी म्हणणं पडलं की एक तर गॅस काढून विजेची शेगडी घ्या आणि स्वयंपाकाला बाई ठेवा, नाहीतर दोघांनी पुण्याला या. महालक्ष्म्यांना येतो तेव्हा काय ते ठरवू, असं त्याने फोनवर सांगितलं. मामीजींना यातलं अर्धंच कळवलं, तरी त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. विस्तव दिसत नाही तो कसला सैपाक, आणि दुसऱ्या बाईच्या हातचं खायचं तर मी जगू कशाला, असं त्या मला म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झालेला मी ऐकला. त्या घरातून त्यांचं स्वयंपाकघर काढून घेतलं असतं तर मामीजी उरल्या नसत्या.

 मामाजींनी एक स्टूल उचललं आणि शेगडीशेजारी ठेवून त्यावर बसले. बायकोला सांगितलं की गॅस वाचवायचं यंत्र करतो आहे. बर्नरच्या मधोमध स्प्रिंगवर एक बटण बसवलं, ते वर उचलून भांड्याच्या बुडाला टेकायचं आणि बूड किती तापलं ते ओट्याखालच्या डबीला सांगायचं. फार तापलं की डबी 'टक' करून गॅस बंद करणार. ज्योत विझली तरी बंद करणार. पहिल्याच दिवशी मामीजींनी वांग्याच्या भाजीला तेल ठेवलं, मोहरी टाकली, आणि ऐन तडतडायच्या वेळी टक. पुन्हा पेटवला, पुन्हा टक. मामीजींनी उलथनं आपटून त्यांच्या यंत्राचा आणि त्यांच्या कारखान्याचा जो उद्धार केला तो मी इकडे पोळ्या लाटता लाटता ऐकला. मामाजी भिंतीपाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. फोडणीला जेवढी आंच लागते तेवढ्यात दूध जळून खाक होतं, मग यंत्राने ओळखायचं कसं, हे त्यांना सुटत नव्हतं.

मग हा गृहस्थ पावसाळाभर बायकोच्या हाताखाली बसला. कढी कधी फुटते, पुरण कधी सुटतं, मोहरी आधी का जिरं आधी, हे सगळं बटणाकडे आणि बायकोकडे आळीपाळीने बघत शिकला. मामीजी बोलत, हे ऐकत. "तुमच्यापायी माह्या भाजीले उशीर होऊन राह्यला," असं दिवसातून कितीदा तरी भिंतीपलीकडून यायचं. आणि एका रविवारी मामाजी जवळजवळ पळतच आले. म्हणाले, सापडलं. भांड्यात पाणी आहे तोवर बुडाचं तापमान एका जागी बसून राहतं, पाणी संपलं की पळायला लागतं. फोडणीचं तेल मात्र पहिल्यापासूनच पळतं, मध्ये कुठं बसत नाही. म्हणजे किती तापलं ते विचारायचंच नाही, आधी बसलं होतं का ते विचारायचं. मी विज्ञान शिकवते, पाणी कितीला उकळतं हे पोरांकडून घोकून घेते, पण त्याचा असा उपयोग होईल हे माझ्या डोक्यात आलं नसतं. मला इतका आनंद झाला की मी ओल्या हातानेच त्यांना नमस्कार केला.

महालक्ष्म्यांना मुलगा आला. घरात मखर, पानफुलं, सोळा भाज्यांचा वास. मामीजींनी आंबिलीने भरलेला गंज शेगडीवर ठेवला, आणि हळदीकुंकवाला बायका आल्या म्हणून बाहेर गेल्या त्या बाहेरच रमल्या. आत आम्ही तिघं होतो. आंबील आटत चालली, फदफद करायला लागली, खालून बारीकसा करपट वास उठला. मुलगा गॅसकडे झेपावला. मामाजींनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, थांब. नैवेद्याची आंबील होती हो, माझा जीव वरखाली होत होता. मामाजी त्या गंजाकडे असे बघत होते की जणू त्यांचा स्वतःचा निकाल लागायचा आहे. मग टक झालं आणि ज्योत गेली. मुलाने डावाने ढवळून बघितलं, बुडाला नखभर लागली होती, वरची आंबील शाबूत. तो वडिलांकडे बघत असतानाच मामीजी पदर सावरत आत आल्या आणि गंजाकडे बघून म्हणाल्या, "गॅस कोनं बंद केला?"

मुलगा तोंड उघडणार, तेवढ्यात मामाजी म्हणाले, "म्या."

"तुमाले कोनं सांगतलं होतं हात लावाले? नैवेद्याची आंबील आहे ते, तुमच्या कारखान्यातली नळी नाई." आणि पुढे पंगत बसेपर्यंत त्यांचं तोंड थांबलं नाही. मामाजी खाली मान घालून पत्रावळी मांडत होते.

संध्याकाळी अंगणात मुलाने विचारलं की आईला खरं का नाही सांगितलं. मामाजी म्हणाले, "आता तुही माय मले रागावते. खरं सांगतलं तर सोतालेच रागावन." मुलगा पुण्याला गेला तो पुन्हा बाई ठेवा म्हणाला नाही. कारखान्याच्या शोधांबद्दल मामाजी तासन् तास बोलतात, पण या सगळ्यात चांगल्या शोधाबद्दल बाहेर कुणापाशी अवाक्षर काढत नाहीत. पुढे रोजचंच झालं. भिंतीपलीकडे टक व्हायचं, थोड्या वेळाने मामीजी विचारायच्या, मामाजी 'म्या' म्हणायचे, आणि मग जी सरबत्ती सुरू व्हायची ती ऐकत मी भाजी चिरायची. हा माणूस स्वतःच्या कर्तबगारीबद्दल दिवसाकाठी दोन-तीनदा बोलणी खायचा आणि तृप्त दिसायचा.

परवा संध्याकाळी टक झालं. मी सवयीने कान दिला. भाजी चिरून झाली तरी मामीजींचा आवाज नाही. मग मामाजींचाच आला, जरा मोठ्याने, "म्या बंद केला गॅस." त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मामीजी शांतपणे म्हणाल्या, "बरं केलं."

थोड्या वेळाने मामाजी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. मी गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज रागावली नाई." मी म्हटलं, "मी रागावू का मामाजी?" ते हसले. म्हणाले, "तुले नाई जमत बेटा." मग म्हणाले की उद्या रागावेल, आज दमली असेल. मी म्हटलं, हो, उद्या नक्की. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो, त्यांच्या स्वयंपाकघराकडे कान लावून.