वाढत्या मापाची सायकल

भाचीची सायकल तिच्या मापाची नव्हती, आणि ती तशी आम्ही मुद्दाम करून घेतली होती. हे आधी कबूल करते, मग बाकीचं.

ती आठ वर्षांची आहे. तिची नजर कडेनं आक्रसत चालली आहे. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. इथे आखातात, करामा भागातल्या आमच्या इमारतीखाली ती पार्किंगच्या खांबावर दोनदा सायकलसकट आपटली, तेव्हा ताई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही होते. भाची कोपऱ्यातल्या खेळण्यांशी खेळत होती. हे थांबणारं नाही, वर्षभरात कडा आणखी जातील, एकटीला सायकल देऊ नका, असं डॉक्टर शांत इंग्रजीत सांगत होते. मी त्यांच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या डोळ्याकडे बघत होते. त्याचा एक तुकडा सैल झाला होता. रडू आलं नाही. रागही आला नाही. बाहेर लिफ्टपाशी ताई मराठीत म्हणाली, "हिला यातलं काही कळता कामा नये." मी मान हलवली.

राग न येणं हे माझ्या बाबतीत नवीन. पुण्यात कॉलेजला असताना तीन वर्षं मी पत्रकं लिहिली, छापली, चौकात उभी राहून वाटली. व्हीलचेअर न चढणाऱ्या बसबद्दल, उंच फुटपाथबद्दल, रॅम्प म्हणून ठेवलेल्या घसरगुंडीबद्दल. इथे पत्रकं वाटता येत नाहीत, म्हणून ईमेल लिहिते. मॉलला, शाळेला, बिल्डिंगच्या ऑफिसला. मजकूर तोच असतो: ज्याच्यासाठी करताय, त्याला आधी विचारा. लाज नाही वाटत लिहायला.

दोघांनी चालवायची एक टँडम सायकल मलाच ऑनलाइन सापडली. कोणी जोडपं देश सोडून चाललं होतं. पुढे मी, मागे ती. वळणं मी बघणार. फक्त मागची जागा उंच बाईच्या मापाची होती. सीट तळापर्यंत खाली नेली तरी पोरीचे पाय पॅडलपर्यंत पोचले नसते.

अल क्वोजच्या गॅरेजांच्या वस्तीत पेशावरचा एक वेल्डर असली कामं करतो. त्यानं उपाय लगेच सांगितला. मागच्या सीटखालच्या उभ्या नळीवर, वरच्या बाजूला, छोटी पॅडलं बसवायची आणि तिथून एक चेन खालच्या मूळ पॅडलांना जोडायची. हँडलही लांब दांडा लावून मागे आणायचं.

"बच्ची कहाँ है, बाजी?" त्यानं मला विचारलं. बाजी म्हणजे मोठी बहीण.

"सरप्राइज है," मी म्हटलं.

"साइकिल को सरप्राइज नहीं चाहिए. नाप चाहिए."

माप आम्ही नेलं होतं. दुपारी ती झोपलेली असताना ताईनं टेप लावून पाय मोजला होता आणि त्यात चार बोटं वाढवली होती. मी बघत होते. आपल्याकडे पोरांना अंगाबरोबर कधी काही मिळालंय? शाळेचा फ्रॉक दुमड घालून, बूट पुढे कापूस कोंबून. दोन वर्षं गेली पाहिजेत. मीही तशीच वाढले, या देशात वाढले तरी. ताई म्हणाली, "वाढत्या मापाचं करून घे गं. दरवर्षी कोण वेल्डिंग करत बसणार?" मला ते बरोबर वाटलं. वेल्डरनं आम्ही सांगितलेल्या जागी पॅडलं पक्की केली.

शनिवारी सकाळी वाळवंटातल्या सायकल ट्रॅकवर गेलो. ताई बाकावर बसली. मी पॅडल मारायला लागले. टँडमवर पुढचं पॅडल फिरलं की मागचंही फिरतं, मागच्याची इच्छा असो नसो. पॅडल खाली गेलं की भाचीचा पाय सुटत होता आणि रिकामं पॅडल वर येऊन नडगीवर बसत होतं. हे मला नंतर कळलं. अख्खी फेरी तिनं तोंडातून शब्द काढला नाही. पाण्यासाठी थांबलो तेव्हा तिचा पांढरा मोजा लाल झालेला दिसला.

"अगं, बोलली का नाहीस?"

"इट्स ओके, मावशी. मम्मा सेड आय विल ग्रो."

ताई रुमाल ओला करत होती. "वर्षभरात बघ कशी फिट बसते. पाय लांबच आहेत तुझे, पप्पांवर गेलीयेस."

"बट बाय देन द साइड्स विल बी गॉन."

ताईचा हात थांबला. "कोणी सांगितलं तुला?"

"डॉक्टर. आय वॉज इन द रूम." मग तिनं मोजा खाली सरकवला आणि सावकाश मराठीत म्हणाली, "लिफ्टपाशी तू बोललीस ते पण कळलं. मी उत्तर इंग्लिशमध्ये देते, म्हणून काय मला येत नाही?"

ताईनं नडगी पुसली. मी बघत राहिले. आत काहीतरी हलायला हवं होतं, हलत नव्हतं. एवढंच लक्षात आलं, की इतक्या आठवड्यांत तिला एकदाही कोणी काही विचारलं नव्हतं.

तिथूनच अल क्वोजला गेलो. वेल्डरनं सायकल बघितली, पोरीचा पाय बघितला, माझ्याकडे बघितलं. "मैंने बोला था." मग त्यानं जोड कापला. ठिणग्या उडायला लागल्या तशी भाची पुढे सरकली. मी तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"मावशी, आय कॅन सी दॅट वन. इट्स इन फ्रंट."

मग तिला सीटवर बसवलं. वेल्डर पॅडल हातात धरून नळीवर वरखाली करत होता. "यहाँ?" "नो." "यहाँ?" "थोडं वर. हियर. स्टॉप." त्यानं खडूनं रेघ मारली.

ताई हळूच म्हणाली, "एक बोट तरी खाली घेऊ या?"

"नको," मी म्हटलं.

"दिवाळीनंतर परत कापावं लागेल."

"कापू."

ताईनं पर्समधून गॉगल काढून डोळ्यांवर लावला. शेडमध्ये ऊन नव्हतं.

पुढच्या शनिवारी पुन्हा त्याच ट्रॅकवर गेलो. पाय बसले. टँडमवर मागच्यानं स्थिर बसायचं असतं, मान वळवली तरी तोल जातो. ती मान वळवत होती. बाजूचं दिसायला तिला अख्खं डोकं फिरवावं लागतं. डावीकडे झाडं, उजवीकडे वाळू, परत डावीकडे, जणू एक बाजू बघून होईपर्यंत दुसरी कोणी उचलून नेईल. सायकल सगळ्या फेरीभर डुगडुगत होती. लोक ओरडत पुढे जात होते. नीट बस, असं मी तिला म्हटलं नाही. हँडल घट्ट धरलं आणि वेग कमी केला.