चालण्याचा बॅकलॉग

सोमवारी सकाळी कांबळे मॅडम भिंत धरत धरत माझ्या कर्वेनगरच्या क्लिनिकमध्ये आल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या त्या चालण्यानं माझं वाटोळं केलं. मी उद्या व्हीआरएसचा अर्ज देतेय. नोकरी पुरे झाली."

मी फिजिओथेरपिस्ट. मॅडम सरकारी कार्यालयात अधीक्षक, निवृत्तीला तीन वर्षं बाकी आणि कामावर भारी जीव. त्यांना फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे वर्षानुवर्षं अंगभर दुखणं. रिपोर्ट सगळे नॉर्मल, दुखणं मात्र शंभर टक्के खरं. त्यावर रोजचं थोडं चालणं उपयोगी पडतं. मी दहा मिनिटं सांगितली होती. दहा मिनिटांनी कोणी आडवं होत नाही.

"किती चाललात?"

"तुम्ही सांगितलंत तेवढंच." त्यांनी पर्समधून वही काढली. तारीख, मिनिटं, शेरा, असे आखलेले रकाने. गुरुवार ते शनिवार शून्य, शेरा 'कार्यालयीन तपासणी'. रविवारी चाळीस.

"रविवारी चाळीस कशाला?"

"तीन दिवसांचा बॅकलॉग होता ना. मी काही पेंडिंग ठेवत नाही."

मी कपाळावर हात मारला. मागची पानं बघितली तर तीच तऱ्हा. जरा बरं वाटलं की सगळं उरकायचं, मग दोन दिवस अंथरूण, की नवीन बॅकलॉग तयार. खरं तर चूक माझी. रोज चाला म्हणाले, पण एखादा दिवस चुकला तर काय, हे सांगितलंच नव्हतं. स्वतःचाच राग आला.

"मॅडम, उरलेली सीएल पुढच्या वर्षी घेता येते?"

"छे हो. रजा एकतीस डिसेंबरला लॅप्स."

"चालणंही तसंच. दिवस संपला की लॅप्स. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहाच. बरं वाटलं तरी दहा. फार दुखलं तर पाच, पण शून्य नको. आणि अर्ज महिनाभर थांबवा."

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाल्या, "हे लेखी द्या."

दिलं. सही-शिक्क्यासकट.

याला चार महिने झाले. दर पंधरवड्याला एकेक मिनिट वाढवत आता अठरा झाली आहेत. अर्ज काही गेला नाही. परवा म्हणाल्या, "दुखतं अजून. पण आता दुखत दुखत ऑफिसला जाते, अंथरुणात नाही पडत." ऐकून फार बरं वाटलं.

हल्ली नवीन पेशंट आला की कुठे दुखतं हे मी नंतर विचारते. आधी विचारते, नोकरी काय करता?