ज्याचं नुकसान, त्याचं दार आधी

संगणकाचं उत्तर आलं की तांबोळी मॅडम आधी चपला घालायच्या. आम्ही आकडे बघून खूश, आणि त्या विचारायच्या, "यात सगळ्यात जास्त तोटा कुणाचा?" ते घर सापडलं की गावच्या बैठकीआधी त्या स्वतः तिथं जायच्या. "ज्याचं नुकसान, त्याचं दार आधी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोणावळ्याच्या ऑफिसात आम्ही त्याला 'मॅडमची वरात' म्हणायचो.

आमचं काम गावांच्या सामाईक रानांचे आराखडे करण्याचं. कोणता तुकडा कधी तोडायचा, कोणता राखायचा, याच्या हजारो मांडण्या संगणक तपासतो. लोकांना सरपण आणि वासे मिळावेत, उताराची माती टिकावी, तोडलेलं पुन्हा वाढावं, या अटी मात्र आम्ही घालायच्या. मॅडम म्हणायच्या, "त्याला बेरीज कळते रे, शेजार कळत नाही. तो आपण बघायचा."

कुरवंड्याच्या आराखड्यात वस्तीच्या डोक्यावरचा उतार पंधरा वर्षं तोडीला बंद निघाला. तिथली ऐनाची झाडं तोडली असती तर पावसाळ्यात डोंगर घरांवर आला असता. पण तो तुकडा त्याच वस्तीतल्या कोंडिबा आबांच्या भावकीच्या वाटणीचा, आणि यंदा लाकडाची पाळी आबांची होती. घराचं आढं वाळवीनं खाल्लेलं. दुसऱ्या भावकीच्या तुकड्यातली फांदीसुद्धा मागायची तिथं रीत नाही.

मॅडमनी मला सोबत नेलं आणि आबांच्या ओट्यावर बसून सगळं सरळ सांगितलं. आबांनी उताराकडे पाहत विचारलं,

"पंधरा वर्सं. तवर मी आसंन व्हय?"

मला वाटलं, आता त्या धीराचं काहीतरी बोलतील.

"नसाल, आबा. मीही नसेन. पण तुमच्या सुनेला या घरात पावसाळ्यात झोप लागली पाहिजे."

आबांनी मान डोलावली. मग "व्हय" एवढंच म्हणाले.

परतताना मी चिडलो. म्हाताऱ्या माणसाशी असं बोलतात का? त्या म्हणाल्या, "खोटं बोलायला फोन पुरतो. दारात गेलं की खरंच बोलावं लागतं." त्यांचा आजार तेव्हा त्यांना कळला होता, आम्हाला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. तळेगावच्या कब्रस्तानात माती द्यायला आबाही आले होते.

त्यानंतर गावात काहींनी टूम काढली. बाई गेल्या, आता उतार खुला करा, आबांचं तरी घर होऊ द्या. बैठकीत मी लॅपटॉप उघडून समजावत होतो आणि कुणी ऐकत नव्हतं. मागून आबा उठले.

"माज्या नावानं तोडू नगा. ती बाई माज्या वट्यावर बसून सांगून गेली. मी तिला व्हय म्हनलोय."

विषय तिथंच मिटला. आबा गेल्या थंडीत गेले, त्याच आढ्याखाली, त्याला दिलेल्या टेकूशेजारी. उतारावर ऐन उभे आहेत. ते बघितले की मला दोघांची आठवण येते.