इटलीची बिनमिठाची कोंबडी

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईवरून घरी आलो तेव्हा आमच्या गावात, देऊळघाटात, माझ्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जायच्या. याला लॉरी चालवता येते आणि यानं इटली पाहिली आहे. दोन्ही खऱ्या. फक्त इटली मी बहुतेक लॉरीच्या काचेतून पाहिली होती, आणि काचेवर चिखल असायचा. हे मी कुणाला सांगत बसलो नाही.

बाबा तेव्हा आजारी होते. पायांवर सूज. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि तो कितीतरी वेळ भरायचाच नाही. बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं बिघडलीत. मीठ बंद, तिखट बंद, डाळ बेतानं. फार झालं तर आठवड्यातून कोंबडीचे दोन लहान तुकडे. मग मला बाहेर नेऊन हळूच म्हणाले, "मीठ पोटात जात राहिलं तर सूज छातीपर्यंत चढेल. सांभाळा."

बाबांनी अळणी जेवण काही दिवस सोसलं, मग ताट सरकवायला लागले.

"ढोराच्या सरकीतही मीठ असते बे," ते म्हणाले. "मी काय ढोराहून गेलो?"

मीठ दिलं तर सूज आणि नाही दिलं तर उपास. सदरा तोच होता, आतला माणूस कमी होत चालला होता. माय भरलेलं ताट परत आत न्यायची आणि जाताना माझ्याकडे बघायची. एवढी दुनिया पाहून आला, काही तर कर.

म्हणून एका दुपारी मी बोलून गेलो, "इटलीत कोंबडी बिनमिठाचीच करतात."

तसं काही करत नाहीत. तिथल्या एका शेतकरणीनं आम्हाला एकदा जेवू घातलं होतं. लसूण, कांदा, टमाटे, कसला तरी वासाचा पाला. मीठ तिनं टाकलंच असणार. मी दारात उभा होतो आणि माझं लक्ष चुलीकडेच होतं, असं मी आजही सांगतो.

कोंबडीला आमच्या स्वयंपाकघरात जागा नव्हती. गोठ्यामागं तीन दगडांची चूल आणि शिजवायला जर्मनचा गंज, एवढाच माझा संसार. त्या शेतकरणीच्या तिकडच्या तेलाऐवजी जवसाचं तेल घेतलं. तिनं त्यात दारू ओतली होती, तिथं मी लिंबू पिळलं. पाल्यासाठी बांधावरचा सब्जा आणला.

माय हळदीची वाटी द्यायला आली ती थबकलीच. "तुयस टाकून राह्यला काय रे कोंबडीत?"

"सब्जा आहे वं माय."

"दिसते तं तुयशीसारखाच." तिनं वाटी भिंतीवर ठेवली आणि तोंड फिरवून निघून गेली.

शेजारचा काका बघायला येऊन बसला होता. मी कोंबडी धुतली, वाटीतलं चोळलं, आणि चोळता चोळता त्याला तिकडचा बर्फ सांगितला.

"मंग मीठ नाई खात काय तिकडचे लोक?"

"सारी चव पाल्यात असते, काका."

चाखून मात्र पाहिलं नाही. बाबांच्या आधी उष्टं कसं करायचं?

बाबा खाटेवर पाय सोडून बसले. पहिला तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले. मग डोळे मिटून सावकाश खाल्ला.

"हे बिनमिठाचं हाय?"

"हो बाबा."

"हुशार हायेत बे तुये इटलीवाले."

त्यांनी रश्शात भाकर कुस्करली. माय दारात पदर तोंडाला लावून उभी होती. "खाऊन राह्यले रे बाप्पा," ती पुटपुटली. माझी छाती अशी फुगली की मी ऐटीत गोठ्यामागं गेलो आणि गंजाच्या काठावरून बोट फिरवून चाटलं.

खारट. आमच्या घरची कोंबडी असते तसंच.

भिंतीवरची वाटी पाहिली. कडेला हळद आणि हळदीत पिवळे झालेले मिठाचे खडे. आमच्याकडे कच्च्या कोंबडीच्या वाटीत दोन्ही असतं, नेहमीच. मायच्या हातानं ते सवयीनं घातलं आणि माझ्या हातानं चोळलं. वाटी ठेवताना तिचं डोकं तुळशीत होतं, चोळताना माझं बर्फात.

मी धावत आलो. "बाबा, ताट द्या."

"काऊन?"

"डॉक्टरनं दोनच तुकडे सांगतले."

"दुसरा हा काय, ताटातच हाय." त्यांनी ताटाची कड धरली आणि माझ्याकडे पाहिलं. पहिल्या घासालाच त्यांना मीठ कळलं होतं. मायला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "गप राय. आजच्या दिस गप राय."

मीही कड धरली. खाली त्यांचे पाय लोंबत होते, सुजेनं चकचकीत झालेले.

"अजून वाढू काय?" मायनं दारातून विचारलं. किती दिवसांनी ती असं विचारत होती.

चिखलात रुतलेल्या लॉऱ्या ओढून काढणारा मी माणूस. ते ताट माझ्यानं ओढवेना आणि सोडवेनाही. बाबांनी मोकळ्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला आणि रश्शात बुडवला.