सोनेरी रॉड

लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासरे माझ्याशी बोलत नव्हते. मुलानं जातीबाहेर, बौद्ध घरातली मुलगी केली, हे त्यांनी पालेगावच्या भावकीला कळूच दिलं नव्हतं. अंबरनाथच्या आमच्या दोन खोल्यांत मात्र मी रोज त्यांच्यासमोर असायचे. चहा हवा असला की ते सासूबाईंना म्हणत, "तिला सांग." मी हातभर अंतरावर! मीही काही कमी नव्हते, उत्तर सासूबाईंनाच द्यायचे. मधल्या मधे त्या बिचारीची दमछाक.

तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या अखेरीस, मी बदलापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. प्रदर्शनासाठी एक खेळणं करायचं ठरवलं. तांब्याच्या किंवा पितळेच्या नळीत चुंबक सोडलं तर ते चिकटत नाही, पण पडतं अगदी सावकाश. ते पडताना नळीत वीज निर्माण होते आणि तीच त्याला मागे धरते. उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारात भंगारातलं बटणाएवढं, पण जबरदस्त ताकदीचं चुंबक मिळालं. पुढच्याच दुकानातून पडद्याचा सोनेरी रॉड घेतला. "मॅडम, प्युअर पीतल है," दुकानदार म्हणाला आणि मला ते पटलं.

घरी रॉड उभा धरून पर्समधलं चुंबक सोडलं, तर ते तोंडाशीच खटकन चिकटलं. मी रॉड हलवला, आपटला, पुन्हा सोडून पाहिलं. सासरे खाटेवरून बघत होते. कारखान्यात टर्नर म्हणून जन्म घालवलेला माणूस, असलं काम त्यांना बघवेना.

"अगं, लोखंड हाय ते! वरून नुसता मुलामा. सायन्सची बाई ना तू? पर्समधलं चुंबक दुकानातच लावून बघायचं!"

मी इतकी दचकले, की चिडायचं राहूनच गेलं. "सुचलं नाही, बाबा," एवढंच म्हणाले.

त्यांनी खाटेखालच्या पेटीतून जाड तांब्याची नळी काढली, कडा कानशीनं घासून दिल्या. चुंबक बाहेर यायला एवढा वेळ लागला, की ते आत डोकावून म्हणाले, "काय लावलंस आत?" मग तीनदा तळहात खाली धरून बघितलं. पोरांना चुंबक उतरताना दिसायला हवं, म्हणून त्यांनी नळीला ओळीनं भोकं पाडायला घेतली. भोकं केवढी हवीत यावरून आमचं चांगलंच वाजलं. मला त्या भांडणाचा फार आनंद झाला.

प्रदर्शनाला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि नळी धरून उभे राहिले. तेवढ्यात गर्दीतून त्यांचे पालेगावचे एक चुलतभाऊ पुढे आले. सासऱ्यांची अडचण नको, म्हणून मी हळूच शेजारच्या टेबलाकडे सरकले.

"तू रं इथं? हे तू केलंस?" चुलतभावांनी विचारलं.

"मी नुसती भोकं पाडली. केलंय माझ्या सुनेनं," सासरे म्हणाले आणि वळून त्यांनी मला हाक मारली, "इकडं ये गं, हे तुझे चुलत सासरे."

मी गेले आणि सगळ्यांसमोर रडायलाच लागले. सासरे वैतागले.

"आता चुंबक सोड की. लोक थांबलेत."