शोकेसमधली बदकं

नांदेडला मैत्रिणीच्या भावानं काचेच्या कपाटात कार्टूनमधले छोटे योद्धे मांडलेत. त्यानं काच सरकवली, प्लास्टिकचा वास आला आणि मला शिरूर अनंतपाळचं आमचं घर आठवलं.

त्या दिवशी ताईला बघायला पाहुणे येणार होते. आईनं शेजारच्या वहिनीकडून प्लास्टिकच्या मण्यांची बदकं अन् ससे मागून आणले आणि आमच्या रिकाम्या शोकेसमध्ये मांडले. मुलाच्या आईनं नेमकं मलाच विचारलं, "खरं सांग गं, हे समदं तुझ्या ताईनं केलंय?"

ताईनं माझ्याकडं बघून हळूच 'नको' अशी मान हलवली. मला वाटलं, खरं सांगू नको म्हणतेय.

"हाव, ताईनंच केलंय," मी म्हणाले.

"लई गुणाची हाय पोरगी!" त्या हसल्या. त्याच बैठकीत सुपारी फुटली.

ताईला बारावी करायची होती, हे मला माहीत होतं. आता वाटतं, ती मला खोटं बोलू नको म्हणत असेल. परवा तिचा फोन आला, तेव्हा विचारणारच होते. पण तिनंच आधी विचारलं, "तुझी परीक्षा कधी हाय गं?"